कानाचं मशीन शिकायला निघालीस ना?

अगं, आधी ते तोंड हसरं कर बघू. बारावी सायन्स झाली, मार्क बरे आहेत, आणि तुझी आत्या विचारते, "कानाची मशीनं विकायला चार वर्षं शिकायला लागतं?" लागतं गं! माझ्या काकांनीही मला हेच विचारलं होतं. आता तेच दर दोन महिन्यांनी मशीन साफ करून घ्यायला येतात.

बघ, आपल्याकडे नुसतं मशीन बसवण्याचा वेगळा परवाना नसतो. बीएएसएलपी पदवी घ्यायची. त्यात ऐकण्याचा आणि बोलण्याचा, दोन्हींचा अभ्यास असतो. तीन वर्षं वर्ग आणि चौथं इंटर्नशिपचं. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. 1992 च्या कायद्याने त्या नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे, म्हणून कॉलेज बघताना आधी परिषदेची मान्यता तपास, मेसचं जेवण नंतर. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे 1983 पासूनची, शिवाय नायर रुग्णालय. पुण्यात भारती विद्यापीठ आहे. मशीन दुरुस्ती आणि कानाचे साचे यांची वर्षाची पदविकाही असते, पण तुझी बडबड बघता तू पदवीच कर.

फिजिक्सला घाबरतेस? मीही रडले होते. डेसिबल म्हणजे किलो-ग्रॅम नव्हे, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. 10 डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता 10 पट होते. बाकीचं सरावाने येतं.

हाताचं कामही आपल्या स्वयंपाकासारखंच. कानाचा साचा घ्यायला दोन लगदे एकत्र मळायचे, मोदकाच्या उकडीसारखे. रेंगाळलीस तर हातातच घट्ट होतात. त्याआधी कानात दोरा बांधलेला बोळा बसवायचा, नाहीतर लगदा थेट पडद्याकडे. ते मात्र कधीच विसरायचं नाही, कळलं?

माझी फजिती ऐक. इंटर्न असताना टापटीप दाखवायला मी पाकिटातल्या सहाही सेलची स्टिकरं काढून ते ओळीत मांडले. ते सेल हवेवर चालतात गं! स्टिकर काढलं की हवा आत शिरते आणि सेल संपायला लागतो, परत चिकटवून काही उपयोग नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

पण खरं सांगू का, मशीन बसवणं सोपं, ते कानात टिकवणं अवघड. मिरकरवाडा बंदरावरचे एखादे आजोबा येतात, आयुष्य बोटीच्या इंजिनाशेजारी गेलेलं. म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." बारीक, उंच आवाज गेलेले असतात, म्हणजे स, श, फ हरवलेले. मशीन लावलं की भांडी, पंखा, पत्र्यावरचा पाऊस सगळं एकदम अंगावर येतं, आणि आठवड्यात मशीन फडताळात. म्हणून त्यांना सांगायचं, आधी घरात, एकाच माणसाशी, रोज तासभर. मग हळूहळू वाढवा. आणि सुनेलाही समोर बसवून सांगायचं, स्वयंपाकघरातून हाका मारू नकोस, पुढ्यात येऊन बोल. ही चिकाटी तुझ्यात आहे. आजीला मोबाइल तूच शिकवलास ना?

आपल्या पावसाळ्यात दमटपणाने मशीनं फार बिघडतात. रात्री सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा, हे प्रत्येकाला दहादा सांगावं लागतं. सेल लहान मुलांपासून लांब, हे अकराव्यांदा. गिळला तर लगेच हॉस्पिटल.

आता रडणं पुरे. प्रवेशाच्या जाहिराती वाचून काढ, दाखल्यांच्या झेरॉक्स कर, आणि रविवारी माझ्याकडे ये. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, वाचायला शिकवते: लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. येताना आजीलाही घेऊन ये. तिच्या टीव्हीचा आवाज हल्ली माझ्या ओटीवर ऐकू येतो.