‘त्याचे काय?’ : दुसऱ्याच्या तारणाचा निवाडा कोणी करावा?

वाचन : लूक 13:22-30, योहान 21:20-22, 1 करिंथ 4:3-5



नोव्हेंबर महिना आला की आपण कबरस्तान साफ करतो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांची नावे मिस्साबलिदानासाठी लिहून देतो. त्याच कबरस्तानात कधीकधी कुजबुजही ऐकू येते. “हा तर वर्षानुवर्षे चर्चची पायरी चढला नाही, याच्यासाठी मिस्सा कशाला?” “तिने धर्माबाहेर लग्न केले होते.” “त्याने स्वतःच जीव दिला, त्याला स्वर्ग कुठला?” बोलणारा बोलून जातो. पण दोन पावलांवर उभी असलेली त्या मुलाची आई ते ऐकते आणि ते शब्द घरी घेऊन जाते. पुढे कित्येक रात्री तिला झोप लागत नाही.

दुसरा प्रसंगही आपल्या परिचयाचा आहे. रेल्वेच्या डब्यात किंवा इस्पितळातील खाटेशेजारी कोणी एक ख्रिस्ती बांधव आपल्याला विचारतो, “तुमचे तारण झाले आहे का?” आपण चाचरलो की तो सांगतो, “जपमाळ करणाऱ्यांचे तारण होत नाही.” आपल्याला राग येतो. पण आपल्यातील एखादे कुटुंब दुसऱ्या पंथात गेले की आपणही तितक्याच सहजपणे म्हणतो, “गेले ते, संपले!” म्हणजे न्यायासनावर तोही बसतो आणि आपणही बसतो. या पाठात आपण पाहू या की हे आसन खरोखर कोणाचे आहे.

प्रभूने दिलेले उत्तर

येशू यरुशलेमकडे जात असताना एकाने त्याला विचारले, तारण होणारे लोक थोडेच आहेत काय? प्रभूने आकडा सांगितला नाही, नावेही सांगितली नाहीत. अरुंद दाराने आत जाण्याची तुम्ही स्वतः खटपट करा, असे तो म्हणाला. प्रश्न ‘त्यां’च्याविषयी होता, उत्तर ‘तुमच्या’विषयी आले. पुढे त्याने असेही बजावले की आम्ही तुझ्या पंक्तीला जेवलो, तू आमच्या रस्त्यांवर शिकवलेस, असे सांगणारे काही जण बाहेर राहतील आणि चारी दिशांनी आलेले लोक आत बसतील. रोजच्या पंगतीतल्या आपणा मंडळींना ही ताकीद आहे.

पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर पेत्राची तीच गत झाली. प्रभूने त्याला त्याचे काम सांगितले, त्याचे मरण कसे असेल तेही सुचवले. पेत्राने मागे वळून योहानाकडे पाहिले आणि विचारले, याचे काय? त्याचे तुला काय, तू माझ्यामागे ये, अशा अर्थाचे उत्तर प्रभूने दिले. ज्याच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या त्या पेत्रालाही प्रभूने योहानाच्या वाटणीचे सांगितले नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

एकोणीस वर्षांच्या मुलीचे उत्तर

1431 साली फ्रान्समधील रुआँ शहरात जोन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीवर धर्मन्यायालयात खटला चालला होता. शहर इंग्रजांच्या ताब्यात होते. न्यायासनावर बिशप होते, भोवती ईशज्ञानाचे पंडित होते. जोन सुमारे एकोणीस वर्षांची होती आणि तिला लिहितावाचता येत नव्हते. 24 फेब्रुवारी रोजी तिला विचारण्यात आले, तू देवाच्या कृपेत आहेस का?

हा प्रश्न म्हणजे सापळा होता. ‘हो’ म्हणावे तर गर्व ठरणार, कारण आपण कृपेत आहोत हे कोणीही स्वतःच्या बळावर खात्रीने सांगू शकत नाही. ‘नाही’ म्हणावे तर तिने स्वतःच स्वतःला दोषी ठरवल्यासारखे होणार. जोनने जे उत्तर दिले त्याचा आशय असा : मी कृपेत नसेन तर देवाने मला तिथे आणावे, असेन तर त्याने मला तिथेच राखावे. हे उत्तर आज कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात कृपेविषयीच्या पाठात नमूद केलेले आहे.

त्या न्यायालयाने तिला पाखंडी ठरवले आणि 30 मे 1431 रोजी तिला जाळण्यात आले. पंचवीस वर्षांनी, 1456 साली, ख्रिस्तसभेच्याच दुसऱ्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. 1920 साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संत घोषित केले. शिकलेली, अधिकारावरची माणसेसुद्धा दुसऱ्याच्या आत्म्याविषयी किती चुकू शकतात, याचे हे उदाहरण आहे. मग कबरस्तानाच्या फाटकाशी उभे राहून अर्ध्या मिनिटात निकाल देणारे आपण कोण?

ख्रिस्तसभा काय जाहीर करते?

ख्रिस्तसभा एखाद्याला संत घोषित करते तेव्हा तो स्वर्गात आहे असे ती जाहीर करते. त्यापूर्वी त्याच्या जीवनाची चौकशी होते, साक्षी घेतल्या जातात, आणि यात पुष्कळदा कित्येक दशके जातात. पण अमुक एक मनुष्य नरकात आहे, असे ख्रिस्तसभेने आजवर कोणाही माणसाचे नाव घेऊन जाहीर केलेले नाही. यहुदा इस्कार्योताविषयी शुभवर्तमानात अतिशय कठोर शब्द आहेत, तरी त्याच्याविषयीही तिने तसा निवाडा दिलेला नाही. नरक आहे, आणि देवाला शेवटपर्यंत नाकारणारा त्याच्यापासून कायमचा दुरावतो, हे ती स्पष्टपणे शिकवते. परंतु तिथे कोण गेले याची यादी तिच्याजवळ नाही. संतांच्या यादीत मात्र भर पडतच आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात दोन गोष्टी सांगितल्या. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सद्‌सद्‌विवेकबुद्धीनुसार चालतात, त्यांनाही तारण लाभू शकते. आणि जो ख्रिस्तसभेत राहूनही प्रेमात टिकत नाही, ज्याचे शरीर आत पण मन बाहेर आहे, त्याचे तारण होत नाही. पहिली गोष्ट आपण शेजाऱ्यासाठी वाचावी आणि दुसरी स्वतःसाठी. आपण नेमके उलट करतो!

ज्यांनी स्वतः जीव दिला

त्या आईकडे आपण परत जाऊ या. 1917 च्या धर्मकायद्यानुसार, जाणूनबुजून आत्महत्या केलेल्या आणि पश्चात्तापाचे काहीही चिन्ह न दाखवलेल्या व्यक्तीला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. 1983 च्या धर्मकायद्यातील त्या यादीत आत्महत्येचा उल्लेख राहिलेला नाही. कृत्य गंभीर नाही असा याचा अर्थ नव्हे. प्राण देवाने दिला आहे, तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे शिक्षण कायम आहे. पण मनाचा आजार, तीव्र वेदना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गाने तो तिला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असेही तो शिकवतो.

आर्सचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियानी (1786-1859) यांच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. एका स्त्रीच्या पतीने पुलावरून उडी घेऊन जीव दिला होता. ती दुःखाने खचून आर्सला आली. फादरांनी तिला सांगितले की पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामधल्या अंतरात त्याला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला. तेवढे अंतर आपल्याला क्षणाचे वाटते. क्रुसावरच्या चोरालाही शेवटच्या काही घटकाच मिळाल्या होत्या, आणि त्या त्याला पुरल्या.

मग चुकीला चूक म्हणू नये काय?

जरूर म्हणावे. दारू पिऊन बायकोला मारणे, भावाची जमीन लाटणे, कामगाराची मजुरी बुडवणे ही पापे आहेत. ती पापे नाहीत असे म्हणणे म्हणजे दया नव्हे. कृत्याचा निवाडा आपण करू शकतो. त्या माणसाचा निवाडा देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोपवायचा असतो. भाऊ चुकला तर आधी त्याला एकट्याला गाठून समजावून सांग, असे प्रभूने शिकवले आहे (मत्तय 18:15). समजावणारा दार उघडे ठेवतो; निकाल देणारा ते लावून घेतो. ख्रिस्तसभा एखाद्याला बहिष्कृत करते तेव्हाही त्याने परत यावे हाच तिचा हेतू असतो.

‘तुमचे तारण झाले आहे का?’

या प्रश्नाला आता आपण शांतपणे उत्तर देऊ शकतो. वाद घालायची गरज नाही. संत पौल तारणाविषयी तिन्ही काळांत बोलतो : आपण आशेने तारलेले आहोत (रोम 8:24), आपले तारण होत आहे (1 करिंथ 1:18) आणि ते पुढे होणार आहे (रोम 5:9-10). तो स्वतःचाही न्याय करत नाही, प्रभू येईपर्यंत थांबायला सांगतो. म्हणून आपण म्हणावे, “ख्रिस्ताने माझ्यासाठी प्राण दिला, स्नानसंस्कारात त्याने मला आपले केले, आजही तो मला सांभाळतो, आणि शेवटपर्यंत सांभाळील असा माझा भरवसा आहे. तुमच्यासाठीही मी हेच मागतो.” या उत्तरात गर्व नाही आणि भीतीही नाही.

चिंतनासाठी प्रश्न

1. गेल्या वर्षभरात कोणाच्या तारणाविषयी आपण बोलून गेलो? ते कोणी ऐकले?
2. आपल्या वाड्यात किंवा इमारतीत चर्चला येणे सोडलेले कोण आहे? त्यांना भेटायला आपण शेवटचे कधी गेलो?

या आठवड्याचा संकल्प

ज्याच्यासाठी कोणी मिस्सा सांगत नाही, असा एक मृत आठवून त्याचे नाव लिहून देऊ या. त्याच्या घरची माणसे असतील तर त्यांना तसे कळवू या.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू एकटाच अंतःकरणे जाणतोस. आम्ही तुझ्या कृपेत नसू तर आम्हांला परत आण, असू तर आम्हांला राख. ज्यांना आम्ही शब्दांनी बाहेर काढले त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य दे, आणि आमच्या सर्व मृतांना तुझ्या दयेत विसावा दे. आमेन.