उपग्रहाचा ठावठिकाणा आणि आपल्या उसाची नोंद



ऊस नोंदीसाठी शेतकी खात्याचा माणूस मोबाईल घेऊन बांधाने फिरतो, तेव्हा एक तक्रार हमखास येते. पडद्यावरच्या नकाशात प्लॉट थोडा शेजारच्या रानात सरकलेला दिसतो. मग एक म्हणतो, "साहेब, माझ्या दोन सऱ्या त्याच्यात गेल्या की!" आणि दुसरा म्हणतो, "मशीन खोटं बोलत नाही." दोघांचंही अर्धंच खरं आहे. तोडणीचा कार्यक्रम नोंदीच्या क्षेत्रावर बसतो, म्हणून ही मोजणी कशावर उभी आहे ते सभासदांना माहीत असावे असे आम्हांस वाटते.

जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. दोन पक्क्या दगडांपासून अंतरे धरली की तिसरा कोपरा सापडतो. मोबाईलची रीत हीच. फरक एवढाच की त्याचे दगड आकाशात आहेत, आणि तेही पळणारे! जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर असून सेकंदाला जवळजवळ ४ किलोमीटर धावतात. प्रत्येक उपग्रह "आता अमुक वेळ झाली, मी अमुक जागी आहे" असे सारखे कळवत असतो. तो संदेश यायला किती वेळ लागला यावरून मोबाईल अंतर काढतो. जागेसाठी तीन उपग्रह आणि मोबाईलच्या साध्या घड्याळाची चूक काढायला चौथा, असे निदान चार लागतात.

आता प्रश्न असा, की उपग्रहाला स्वतःची जागा कोण सांगतो?

याची गोष्ट १९५७ सालची आहे. ४ ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख हे दोघे त्याची टिक-टिक रेडिओवर ऐकू लागले. ट्रक हॉर्न वाजवीत जवळ येताना आवाज चढा लागतो आणि पुढे गेला की उतरतो. तसाच स्पुटनिकचा सूर बदलत होता. त्या बदलावरून त्यांनी त्याची कक्षा मांडली. पुढे १९५८ साली तिथल्याच मॅक्ल्यूर यांनी हिशेब उलटा फिरवला. जमिनीवरून उपग्रह सापडतो, तर उपग्रहावरून जमिनीवरचा माणूस का सापडू नये? सगळे त्यातूनच पुढे आले.

आजही तेच चालते. जगभर पक्क्या, ठाऊक असलेल्या जागी केंद्रे आहेत. ती उपग्रहांचे संदेश ऐकत राहतात, त्यावरून प्रत्येकाची कक्षा काढली जाते, आणि पुढचा अंदाज परत उपग्रहात भरला जातो. अंदाज सोपा नाही हो. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. चंद्र-सूर्य ओढतात. फार काय, नुसत्या उन्हाच्या रेट्यानेही उपग्रह हळूहळू वाट सोडतो. शिवाय घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकते, म्हणून वर अणुघड्याळे बसवलेली असतात. आपल्या देशाच्या नाविक व्यवस्थेतील पहिल्या उपग्रहाची, म्हणजे २०१३ साली सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए ची, घड्याळे बंद पडली. उपग्रह जागेवर असूनही जागा सांगण्याच्या कामातून गेला!

इतके करून, उपग्रह स्वतःची जी जागा कळवतो ती मीटरभराच्या आत-बाहेर बरोबर असते. शास्त्रज्ञ मागाहून सवडीने हिशेब करतात तेव्हा ती दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पक्की होते. पण ते आकडे दोन आठवड्यांनी मिळतात. बांधावर उभ्या माणसाला त्याचा काय उपयोग! त्यात हवेच्या थरांची आणि मोबाईलच्या छोट्या अँटेनाची चूक मिसळते. म्हणून मोकळ्या रानातही मोबाईल ५ मीटरपर्यंत इकडे-तिकडे दाखवू शकतो.

मग क्षेत्र कसे बरोबर येते? दहा मिनिटांच्या फेरीत ही चूक बरीचशी एकाच दिशेची राहते. सगळा प्लॉट उचलून बाजूला ठेवल्यासारखा सरकतो, पण त्याची लांबी-रुंदी फारशी बदलत नाही. नकाशा शेजाऱ्यात गेला म्हणून गुंठे गेले असे नव्हे.

गुंठे जातात ते चालण्यात. चौकोनी एक एकर प्लॉटभोवती एकेक मीटर बाहेरून फेरी मारली, तर अडीच गुंठे वाढतात. १० गुंठ्यांच्या तुकड्यात सव्वा गुंठा वाढतो, म्हणजे आठवा हिस्सा! म्हणून फेरीच्या वेळी सभासदाने स्वतः हजर राहावे, फेरी उसाच्या कडेनेच होते की नाही ते पाहावे, आणि कोपऱ्यावर थोडे थांबायला सांगावे. आंब्याखाली किंवा विहिरीच्या पडवीला टेकून घेतलेली नोंद भरवशाची नसते. सात-बाराच्या क्षेत्रात पोटखराबाही असतो. आम्ही फक्त उभा ऊस मोजतो. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत असा आग्रह नको.

बांधाचा तंटा मात्र आमच्या मोबाईलवर सोडवू नये. त्याला भूमी अभिलेखाची मोजणी हवी. त्यांचे रोव्हर यंत्र जवळच्या कायम केंद्राशी जोडलेले असते. त्या केंद्राची जागा आधीच पक्की ठाऊक असल्याने त्या क्षणी उपग्रह किती चुकवतोय ते कळते आणि तेवढी चूक वजा होते. म्हणून ते काही सेंटिमीटरवर येतात.

क्षेत्राबद्दल शंका असेल तर फेरमोजणी गटकार्यालयात मागावी, पण ऊस गुडघ्याएवढा असतानाच. डोक्यावर गेला की कडेने धड चालताही येत नाही, आणि मोबाईलला आकाशही दिसत नाही.