नकाशाचा आधार

लखनौच्या उत्तर भागात, कुर्सी मार्गालगत जानकीपुरम ही वसाहत आहे. तेथे उत्तर प्रदेश शासनाचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून जमीन, पाणी, पिके व वने यांचे नकाशे तयार करणे हे होय. १९९३ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने त्या राज्यात ‘उसर’ जमिनी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अशा जमिनी शोधून काढण्यासाठी याच केंद्राच्या नकाशांचा उपयोग झाला. उसर म्हणजे आपल्याकडील चोपण जमीन.

चोपण पट्टा उपग्रहाच्या चित्रात पांढुरका उमटतो व अनुभवी माणसाला तो ओळखता येतो. कठीण असते ते हा पट्टा कोणाच्या खसऱ्यात, म्हणजे आपल्या भाषेत कोणाच्या गटात, पडतो हे ठरविणे. चित्र उपग्रहाचे असते. शेतांच्या सीमा मात्र जुन्या नकाशांवरून घेतलेल्या असतात. ही दोन एकमेकांवर नीट बसली नाहीत, तर जिप्सम एकाच्या शेतात पडायचे ते दुसऱ्याच्या शेतात पडेल.

ती नीट का बसत नाहीत? पृथ्वी ही ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे मोजणीसाठी तिच्याऐवजी एक काल्पनिक, नियमित आकार गृहीत धरावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांसाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली काढलेला आकार धरला होता आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे मोजणीचे मूळ मानले होते. आज उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चिती जो आकार वापरते तो ‘डब्ल्यूजीएस ८४’ या नावाने ओळखला जातो. दोहोंच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत साडेआठशे मीटरांच्या आसपास अंतर आहे. शिवाय त्यांचे मध्यही एका ठिकाणी येत नाहीत. अर्थात एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत निराळे येतात, आणि तिकडे दुर्लक्ष केल्यास उत्तर भारतात ती विहीर शंभराहून अधिक मीटर सरकते. इंग्रजीतील ‘डेटम’ या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. येथे त्यासाठी ‘आधार’ हा शब्द योजला आहे, कारण घराचा जोता असतो तसाच हा नकाशाचा जोता असतो.

आता हे काम मेजावरील संगणकावर होते. त्यासाठी असलेल्या प्रणालींपैकी ‘क्यूजीआयएस’ ही कोणालाही विनामूल्य वापरता व तपासता येते. गॅरी शर्मन यांनी २००२ साली तिचा आरंभ केला. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अनेक सुधारणा झाल्या. बटणे, रंग व चिन्हे यांतील बदल वापरताना सहज कळतात, म्हणून ते येथे सोडून देऊ. आधारासंबंधीचे बदल तसे डोळ्यांत भरत नाहीत, परंतु वर सांगितलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहेत.

पूर्वी निरनिराळ्या पद्धतींतील थर आपोआप एका पद्धतीत आणून दाखविण्याची सोय बंद ठेवता येत असे. ती बंद असली की एव्हरेस्टच्या आधारावरील रस्ता आणि डब्ल्यूजीएसच्या आधारावरील चित्र पडद्यावर शेजारी शेजारी दिसत, आणि दोहोंतील अंतर ही मोजणीदाराची चूक असावी असे वाटे. फेब्रुवारी २०१८ मधील ३.० या आवृत्तीने ही सोय मुळातच चालू ठेवली. महाराष्ट्रात तिचा आणखी एक उपयोग आहे. ‘यूटीएम’ पद्धतीतील ४३ व ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश रेखांशावर असल्यामुळे अमरावती एका पट्ट्यात व नागपूर दुसऱ्यात पडते. (लखनौ नागपूरच्याच पट्ट्यात आहे.)

त्याहून मोठा बदल २०१९ च्या ऑक्टोबरातील ३.१० या आवृत्तीत दिसतो. सहनिर्देशकांचे रूपांतर ही प्रणाली स्वतः करीत नाही. ते ‘प्रोज’ नावाच्या संचाकडून करून घेते. त्या संचाची सहावी आवृत्ती त्याच वर्षी आली होती. दोन आधारांमध्ये रूपांतराचे एकाहून अधिक मार्ग असतील, तर प्रणाली आता ते वापरणाऱ्यापुढे मांडते आणि प्रत्येक मार्ग कोणत्या प्रदेशासाठी आहे व त्याची अचूकता किती मीटरांची आहे हेही सांगते. भारतासाठी रूढ असलेल्या एका रूपांतरात तीन अक्षांवरील सरक २९५, ७३६ व २५७ मीटर धरलेली आहे. पण या प्रत्येक आकड्यातच दहा ते पंधरा मीटरांची अनिश्चितता आहे. पूर्वी हा आकडा आतल्या आत वापरला जाई आणि नकाशा निःशंक दिसे. आपल्या उत्तरातील संशय प्रणालीने स्वतःहून उघड करावा, ही सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते.

दहा-पंधरा मीटरांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील लहानात लहान ठिपका ७२.५ मीटरांचा होता. त्यात ही चूक बुडून जाई. २०१९ साली सोडलेल्या कार्टोसॅट-३ च्या चित्रात ठिपका पाव मीटरचा आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांतील घरांची मोजणी ड्रोनद्वारे झाली, आणि तेथे भिंत कोणाची हे काही सेंटिमीटरांवर ठरते.

जून २०२१ च्या ३.२० या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. ‘डब्ल्यूजीएस ८४’ एवढेच नाव असलेला थर फार तर दोन मीटरांपर्यंत विश्वसनीय आहे, अशी सूचना ती देते. आणि मोजणीचा काळही नोंदविता येतो. भारताचे भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत असल्याने तीस वर्षांत दीड मीटरांचा फरक पडतो. कागदावर काळ नसेल, तर तो फरक कोठून आला हे कळण्यास मार्ग राहत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आवृत्तीला साधलेली नाही. ज्या थराची पद्धतीच नोंदलेली नसते त्याच्यापुढे ती प्रश्नचिन्ह दाखविते, उत्तर देत नाही. त्यासाठी जुने पत्रक उलगडून त्याच्या समासातील बारीक अक्षरे वाचावी लागतात.