गुगलवर दुकानाचं भलतंच पान दिसतंय? या 5 गोष्टी करा

गुगलवर तुमच्या दुकानाचं नाव टाकलं की 'हॅलो वर्ल्ड' किंवा गेल्या दिवाळीच्या ऑफरची पोस्ट दिसते का? मग गिऱ्हाईक जुना भाव बघून फोन करतं आणि घासाघीस तिथूनच सुरू होते. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर एवढं करा:

1. 'होम' नावाचं पान बनवा. काय विकता, दुकान कुठे, फोन नंबर, ऑर्डर कशी द्यायची, हे त्यात हवंच.

2. 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' उघडा. 'अ स्टॅटिक पेज' निवडा आणि होमपेज म्हणून 'होम' लावा.

3. त्याच स्क्रीनवर खाली 'डिस्करेज सर्च इंजिन्स'वर टिक असेल तर काढा. साइट तयार होईपर्यंत ती लावतात, नंतर काढायची राहून जाते. मग सेव्ह करा.

4. 'हॅलो वर्ल्ड' आणि 'सॅम्पल पेज' डिलीट करा. जुन्या पोस्टवर 'ऑफर संपली' लिहून होमपेजची लिंक द्या.

5. गुगल सर्च कन्सोलमध्ये होमपेजचा पत्ता तपासून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा.

बदल दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. म्हणून फराळाच्या ऑर्डर सुरू व्हायच्या महिनाभर आधीच हे उरकून घ्या.