जपानी कांजी, धडा : माणूस आणि आजार

ब्राह्मणपुरी-शहादा भागात जपानी भाषेचा छोटा क्लास काढायचा विचार असेल, तर हा धडा तुमच्यासाठी. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला मनुष्यबळ कमी पडतंय. जानेवारी 2021 मध्ये भारत-जपान करार झाला, त्यात हे कामही येतं. त्यासाठी जपानीची एन-4 किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा लागते, शिवाय देखभालीच्या कामाची आणि तिथल्या भाषेची वेगळी परीक्षा. म्हणून सुरुवात याच शब्दांनी करा. रेषांचा क्रम व्हिडिओत दाखवलाय, वही घेऊन बसा.

1. माणूस (हितो). एकमेकींना टेकलेल्या दोनच रेषा. दुसऱ्या चिन्हाच्या डावीकडे आला, की हा माणूस अंग चोरून उभा राहतो. त्याच्या शेजारी झाड काढा : विश्रांती. आपल्याकडे दुपारी बांधावरच्या झाडाखाली टेकतात, तेच चित्र! आता झाडाच्या बुंध्यावर एक छोटी आडवी रेष मारा : शरीर. एका रेषेनं अर्थ बदलला, म्हणून घाई नको.

2. आजार. छप्पर, डावी भिंत आणि भिंतीला बाहेरून दोन खुंट्या, अशी पाच रेषांची चौकट. ही दिसली की समजायचं, गोष्ट दुखण्याची आहे. आत चामडीचं चिन्ह आलं तर थकवा. दुखणं (इताई) आणि आजार (ब्यो) यांनाही हीच चौकट.

3. जोडा. आजार + माणूस = ब्योनिन, म्हणजे आजारी माणूस. इथे 'हितो'चा उच्चार 'निन' होतो, तर म्हातारा माणूस म्हणजे 'रोजिन', तिथे 'जिन'. ब्योइन म्हणजे दवाखाना, पण बियोइन म्हणजे ब्युटी पार्लर! कानाला फसगत होते, कांजी वाचता आली की होत नाही.

आता धंद्याचं. फी शिकवण्याची घ्या. "जपानला पाठवतो" म्हणून पैसे घेऊ नका. परदेशी नोकरीसाठी भरती करायला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, नसेल तर तो गुन्हा आहे. आणि पोरीच्या घरच्यांनी शेत गहाण टाकून पैसे आणलेले असले, तर बुडतं ते त्यांचं घर.

गृहपाठ : विश्रांती आणि शरीर, दहा-दहा वेळा लिहा. मग घरातल्या कुणाला तरी शिकवून बघा. त्यांना कळलं, तर तुमचा क्लास चालेल.