ग्रीक भाषेतला ‘धम्म’

ग्रीकसारखी जुनी परकी भाषा शिकून काय मिळणार, असे मुलांनी विचारले तर त्यांना जुन्या कंदाहारचा शिलालेख सांगा. अफगाणिस्तानातील हा अशोकाचा लेख १९५८ साली उजेडात आला. वर ग्रीक, खाली अरामी. राजाचे नाव त्यात ‘पिओदासेस’ आहे, म्हणजे आपला पियदसी.

राज्याची दहा वर्षे पूर्ण झाल्यावर राजाने लोकांना ‘युसेबिया’ दाखवली, असे लेख म्हणतो. धम्मासाठी निवडलेला हा ग्रीक शब्द. ग्रीक लोक तो देवांविषयीच्या आदरासाठी वापरीत, आईबापांविषयीच्या आदरासाठीही. अशोकाने त्यातले काय घेतले? राजा प्राणिहत्या टाळतो, त्याच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनीही आपला धंदा थांबवला, ज्यांचा स्वतःवर ताबा नव्हता ते शक्य तेवढे सावरले, माणसे आईबापांचे व वडीलधाऱ्यांचे ऐकू लागली. सगळी नीतीच! देवाचे नाव कुठेही नाही.

इंग्रजी पुस्तकांत या शब्दाला ‘पायटी’ म्हणतात. तेवढेच वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पूजाअर्चा उभी राहते. मूळ ग्रीक ओळींत पूजेचा उल्लेखसुद्धा नाही.