विमानतळावरील सुरक्षा-तपासणी : यंत्र, माणूस आणि प्रशिक्षण

देशाची सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारांचे कुंपण, वाळवंटातील चौकी किंवा हिमाच्छादित शिखर उभे राहते. तथापि, नागपूरसारखे देशाच्या मध्यभागी वसलेले शहर घेतले, तरी परदेशातून आलेले विमान तेथे उतरते तेव्हा देशाची सीमा त्या धावपट्टीपाशी येऊन ठेपते. उतरणारा प्रवासी कोण आहे हे पारपत्र-तपासणी अधिकारी पाहतात. त्याने काय आणले आहे हे सीमाशुल्क अधिकारी पाहतात. आणि विमानात चढणाऱ्याजवळ इतरांच्या जिवास धोका पोहोचविणारी वस्तू तर नाही ना, हे सुरक्षा कर्मचारी पाहतात. ही तिन्ही कामे एकाच इमारतीत चालत असली तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. चुकविलेला कर मागाहून वसूल करता येतो. खोट्या पारपत्रावर आलेल्या माणसाला परत पाठविता येते. सुरक्षा-तपासणीत झालेली चूक मात्र विमान आकाशात गेल्यानंतर सुधारता येत नाही. म्हणूनच प्रस्तुत लेखात या तिसऱ्या कामाचा, आणि विशेषतः ते करणाऱ्या माणसांच्या प्रशिक्षणाचा, विचार केला आहे.

भारताला या प्रश्नाची पहिली ठळक जाणीव ३० जानेवारी १९७१ रोजी झाली. श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळची शस्त्रे म्हणजे एक नकली पिस्तूल आणि लाकडाचा हातबॉम्ब होता, असे मागाहून उघड झाले. प्रवासी सुखरूप परतले. विमान मात्र लाहोरच्या धावपट्टीवर जाळण्यात आले. त्या काळी देशांतर्गत विमानात बसणे हे आगगाडीत बसण्याइतकेच सोपे होते. पुढे १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचेच आणखी एक विमान लाहोरला पळविले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीनुसार जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षाविषयक कक्ष स्थापन झाला. देखरेख, समन्वय, पाहणी आणि प्रशिक्षण ही त्याची कामे होती. प्रशिक्षणाचा उल्लेख आरंभापासून होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु या साऱ्या विचाराचा रोख विमान पळविणाऱ्या माणसावर होता. जो माणूस स्वतः विमानात बसतच नाही, केवळ आपली पेटी पाठवितो, त्याचा विचार जगात फारसा कोणी केला नव्हता. तो करणे भाग पडले ते २३ जून १९८५ रोजी.

त्या दिवशी सकाळी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे जंबो विमान मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीकडे येत असता आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, ३१ हजार फूट उंचीवर स्फोट होऊन समुद्रात कोसळले. विमानातील ३२९ जणांपैकी एकही वाचला नाही. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात चढवावयाच्या सामानात स्फोट होऊन दोन हमाल ठार झाले. दोन्ही पेट्या कॅनडातील व्हँकूवर येथून निघाल्या होत्या, आणि दोन्ही पेट्यांचे 'मालक' विमानात बसले नव्हते.

या दुर्घटनेची चौकशी भारतात न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी केली. सुमारे दोन हजार मीटर खोल समुद्रातून काढलेल्या ध्वनिमुद्रण पेटीच्या आणि अवशेषांच्या अभ्यासात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. पुढे कॅनडात न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० साली आपला सविस्तर अहवाल सादर केला. या चौकशांतून जो घटनाक्रम पुढे आला, तो प्रत्येक तपासनिसाने आणि खरे तर प्रत्येक पर्यवेक्षकाने अभ्यासावा असा आहे.

व्हँकूवरच्या खिडकीवर आलेल्या प्रवाशाचे पुढच्या विमानातील आसन निश्चित झालेले नव्हते. तरीही आपली पेटी थेट एअर इंडियाच्या विमानापर्यंत जावी असा त्याने आग्रह धरला. खिडकीवरील कर्मचारी स्त्रीने प्रथम नियमानुसार नकार दिला. तो हटेना, मागे रांग वाढत चालली होती, शेवटी तिने पेटीला चिठ्ठी बांधली. पेटी टोरांटोला पोहोचली. तेथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र नेमके त्या दिवशी बंद पडले. मग उरलेल्या पेट्यांवरून हातात धरावयाचे स्फोटक-शोधक उपकरण फिरविण्यात आले. उपकरण कसे वाजते हे कर्मचाऱ्यांना एक जळती काडी त्याच्याजवळ धरून दाखविण्यात आले होते. एवढेच त्यांचे शिक्षण. एका पेटीच्या चेनपाशी उपकरणाने क्षीण आवाज काढला. परंतु दाखविताना ऐकलेला आवाज मोठा आणि लांब होता, म्हणून हा आवाज धोक्याचा नव्हे असे समजून पेटी पुढे गेली. आवाज आल्याचे विमान कंपनीला कोणी कळविलेही नाही. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्यांचे पथक प्रशिक्षणासाठी शहराबाहेर होते. मॉन्ट्रियलला तीन संशयित पेट्या बाजूला काढण्यात आल्या, परंतु कुत्रा विमानतळावर पोहोचला तेव्हा विमान निघून गेले होते. त्या तीन पेट्यांत काहीही निघाले नाही.

यात आणखी एक कडी आहे आणि ती मुंबईशी निगडित आहे. एअर इंडियाच्या मुंबईतील मुख्यालयाने १ जून १९८५ रोजीच आपल्या कार्यालयांना टेलेक्स पाठवून, सामानात कालनियंत्रित स्फोटके ठेवली जाण्याचा धोका असल्याचा इशारा दिला होता. तो कॅनडाच्या पोलिसांपर्यंत पोहोचला. परंतु तेथील गुप्तवार्ता विभागाला तो दिला गेला नाही. माहिती होती, यंत्र होते, कुत्रे होते, नियमही होता. ज्या क्षणी ज्या ठिकाणी ते लागले, त्या क्षणी त्या ठिकाणी यांतले काहीच नव्हते. शासकीय कामाचा अनुभव असलेल्या वाचकांना ही स्थिती अगदीच अपरिचित वाटू नये.

कनिष्क दुर्घटनेनंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांची सांगड घालण्याचा नियम जगभर कठोर झाला. प्रवासी चढला नाही तर त्याची पेटी उतरविली जाते आणि त्यासाठी विमानाला उशीर झाला तरी चालतो. आपल्याकडे अनेक वर्षे प्रवाशांना विमानाच्या शिडीजवळ नेऊन स्वतःची पेटी ओळखून दाखवावी लागे. पुष्कळांना तो जाच वाटे. त्यामागे ३२९ प्राणांची किंमत होती हे फार थोड्यांना ठाऊक असे. १ एप्रिल १९८७ रोजी महासंचालनालयातील कक्षाचे रूपांतर नागरी विमान सुरक्षा ब्यूरो या स्वतंत्र विभागात झाले. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात येऊ लागली. त्याचा आरंभ फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून झाला.

आता तपासणीच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. दारासारख्या चौकटीतून जाताना वाजणारे यंत्र केवळ धातू शोधते. डिसेंबर २००१ मध्ये बुटात, तर डिसेंबर २००९ मध्ये अंतर्वस्त्रात स्फोटके दडवून विमानात चढलेल्या माणसांचे बेत फसले, परंतु त्या स्फोटकांचा पत्ता धातुशोधकाला लागला नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. हातातील सामानात द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेण्यास अनेक देशांत आलेल्या बंदीचे मूळ त्या कटात आहे. हात किंवा सामान कापडी पट्टीने पुसून ती पट्टी यंत्रात घालतात, ती स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधण्यासाठी.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळा आणि मिश्र किंवा मध्यम घनतेचा पदार्थ हिरवा दिसतो. जाड आणि किरण न शिरू देणारी वस्तू काळी दिसते. प्लॅस्टिकसारखी मऊ स्फोटके नारिंगी दिसतात, आणि साबण, खवा, चॉकलेट, पुस्तकांचे गठ्ठेही नारिंगीच दिसतात. गणपतीच्या वा दिवाळीच्या दिवसांत मिठाईचे खोके घेऊन जाणाऱ्याची पिशवी पुन्हा उघडली जाते ती त्यामुळे. यंत्र रंग दाखविते. त्या रंगाचा अर्थ माणसाने लावावयाचा असतो.

आणि माणसाच्या डोळ्यांची एक मर्यादा आहे. २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावरील गुंतागुंतीच्या चित्रांत विशिष्ट वस्तू शोधावयाची होती. ती निम्म्या चित्रांत असताना शोधणाऱ्यांकडून सुमारे ७ टक्के वेळा सुटली. तीच वस्तू शंभरांत एकाच चित्रात ठेवली, तेव्हा सुटण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. जे सहसा सापडत नाही, ते समोर असूनही दिसत नाही. विमानतळावरील तपासनिसाला तर शंभरांत नव्हे, लाखोंत एकदाही खरा बॉम्ब दिसत नाही. हा आळस नव्हे की बेपर्वाई नव्हे. मनाचा स्वभाव आहे, आणि दटावण्याने तो बदलत नाही.

यावर दोन उपाय योजिले जातात. पहिला असा की, यंत्र अधूनमधून खऱ्या पिशवीच्या चित्रात पिस्तुलाचे, सुऱ्याचे किंवा स्फोटकाचे खोटे चित्र मिसळते. तपासनिसाने ते ओळखून कळ दाबली की ते खोटे असल्याचे पडदा सांगतो. सुटले तर तेही सांगतो आणि नोंद होते. दुसरा उपाय म्हणजे पडद्यासमोर सलग बसण्याचा काळ मर्यादित ठेवणे. सर्वसाधारणपणे वीस मिनिटांनी माणूस बदलावा असे मानतात. मनुष्यबळ अपुरे असले की पहिली कात्री याच नियमाला लागते. आमच्या मते तपासणी-पथकाची गुणवत्ता यंत्रांच्या किमतीवरून जोखण्यापेक्षा या वीस मिनिटांच्या पालनावरून जोखावी.

तपासनिसांना ब्यूरोच्या निकषांनुसार प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि ठरावीक काळाने ते नव्याने सिद्ध करावे लागते. विमानातील सेवकवर्गालाही सुरक्षेचे शिक्षण असते. त्याचे मोल ५ सप्टेंबर १९८६ रोजी दिसले. मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीला थांबले असता विमानतळ-रक्षकांचा गणवेश केलेले हल्लेखोर आत शिरले. ज्येष्ठ परिचारिका नीरजा भनोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैमानिकांना तत्काळ सावध केले; वैमानिक बाहेर पडले आणि विमान जागीच राहिले. सुमारे सतरा तासांनी झालेल्या गोळीबारात नीरजा भनोत यांना वीरमरण आले. मरणोत्तर अशोकचक्राने त्यांचा गौरव झाला.

हा विषय आता महानगरांपुरता राहिलेला नाही. शिर्डीचा विमानतळ काकडी गावाच्या हद्दीत आहे, सिंधुदुर्गचा चिपी येथे. धावपट्टीच्या कुंपणाला लागून शेते आहेत, गुरे चरतात, लग्नाच्या वराती निघतात, आणि वरातीचे चित्रण आता ड्रोनने होते. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या परिसरात परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही. छायाचित्रकारांना आणि मंडपवाल्यांना ही गोष्ट ग्रामसभेत सांगता येईल. शाळेत शिक्षकांना ती मुलांमार्फत घरोघर पोहोचविता येईल. कुंपणाला पडलेले भगदाड सर्वांत आधी गुराख्याला दिसते.

किनाऱ्याचीही गोष्ट अशीच आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविली गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरलेल्या अनोळखी तरुणांना तेथल्याच रहिवाशांनी हटकले होते. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे देणे आणि नौकांची नोंदणी काटेकोर करणे ही कामे हाती घेण्यात आली. अनोळखी नौका दिसल्यास तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर, आणि जमिनीवर काही संशयास्पद दिसल्यास पोलिसांना ११२ या क्रमांकावर कळविता येते. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी हे दोन्ही क्रमांक मासळी उतरविण्याच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यावर आणि डिझेल पंपावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावेत, आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा रंगवावेत.